कर्तव्याच्या वेळेत उंडारणे

पाण्याचे मीटर वाचणाऱ्या एका गृहस्थांना कार्यालयाचं पत्र आलं. गेले अकरा गुरुवार ते आपला भाग सोडून भलत्याच गल्लीत ‘कर्तव्याच्या वेळेत उंडारताना’ आढळले होते. नोकरीवरून का काढू नये, याचा खुलासा मागवला होता.

मीटरवाल्यांना नोकरीपेक्षा शब्द लागला.

“उंडारायला मी काय सुटलेलं वासरू आहे? बावन्न वर्षांचा माणूस फार तर फिरतो.”

“मी लग्न झाल्यापासून हाच शब्द वापरतेय,” बायको म्हणाली. “ऑफिसला आत्ता सुचला.”

त्यांनी खुलासा लिहिला: फिरलो हे कबूल, उंडारलो हे अमान्य, सबब शब्द मागे घ्यावा. युनियनच्या सेक्रेटरीने तो वाचून कपाळावर हात मारला.

“अहो, नियम वाचलात का? ड्यूटीवर खासगी कामाला गेलात तर घरी बसवतात. विनाकारण हिंडलात तर नुसती लेखी समज. उंडारणंच तुम्हाला तारणार आहे, आणि तुम्ही तेच खोडायला निघालात!”

“पण शब्द फाइलमध्ये राहणार ना?”

“राहू दे की. नोकरीही राहील.”

अडचण एवढीच, की त्या गल्लीत मीटरवाल्यांचा थोरला भाऊ राहत होता. दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आईचं कपाट कुणी न्यायचं, यावरून बिनसलेलं. कपाटाला वाळवी लागून ते केव्हाच गेलं. भांडण मात्र टिकाऊ निघालं.

चौकशी अधिकारी बाईंनी थोरल्याला साक्षीला बोलावलं.

“हे तुमच्याकडे कशासाठी यायचे?”

“आलाच नाही कधी. दारावरून कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा. मी बघतो ना, खिडकीत असतो गुरुवारी.”

“फक्त गुरुवारी?”

“बाकीच्या दिवशी खिडकीतून काय दिसणार?”

“मग त्यांचा हेतू काय असावा?”

थोरल्याने नऊ वर्षांत प्रथमच धाकट्याकडे सरळ पाहिलं.

“हेतू कसला, मॅडम? लहानपणापासून उंडगा. आई दोरीने बांधून ठेवायची याला.”

“मला? दोरी तुला होती—” मीटरवाले उसळले. सेक्रेटरीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“तुम्हाला हे मान्य आहे?” बाईंनी विचारलं.

मीटरवाल्यांनी आठवडाभर घरी भाषण पाठ केलं होतं. उंडारणाऱ्याला मजा येते. मला त्या दारापुढे घशाला कोरड पडायची, पाय जड व्हायचे. तेव्हा माझ्या चालण्याला तो शब्द लागू होत नाही. भाषण बिनतोड होतं. त्याने नोकरी नक्की गेली असती.

“मान्य,” ते म्हणाले. “उंडारत होतो.”

बाईंनी तो शब्द लिहिला, अनुस्वार तपासला आणि लेखी समज दिली.

बाहेर व्हरांड्यात दोघं भाऊ नोटीस बोर्ड वाचत उभे राहिले. बोर्डावर गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी होती.

“पुढच्या गुरुवारी आत ये,” थोरला यादीला उद्देशून म्हणाला.

“आत आलो की खासगी काम. नोकरी जाईल.”

“मग रविवारी ये. बायकोलाही आण, तिच्याशी माझं भांडण नाही.”

“माझ्याशी आहे?”

“आहेच. ते कुठे मिटलंय?”

“नाहीच मिटलेलं,” मीटरवाले म्हणाले, आणि किती वाजता यायचं ते विचारलं.