टाकीतल्या जीवांना काय झालं?

गावाचं सांडपाणी मी स्वच्छ करते, असं लोकांना वाटतं. करतात टाकीतले डोळ्यांना न दिसणारे जीव. ते घाण खातात, मी त्यांना हवा पुरवते. तळातून हवा फुंकणारी यंत्रं भरमसाट वीज खातात, म्हणून नगरपालिका माझ्या नावाने बोटं मोडते.

गेले तीन आठवडे दर शुक्रवारी दुपारी टाकीतला प्राणवायू धाडकन खाली यायचा. यंत्रं पूर्ण जोरात लावली तरी मीटरचा काटा वर येईना. करडं पाणी खालच्या शेतांत गेलं, तेव्हा कांदेवाल्या एलेउतेरियोने मला सरळ सांगितलं, "निल्दा, पुढच्या शुक्रवारी असंच पाणी आलं तर पाट बंद." पाट बंद झाला की सगळं नदीत जाणार आणि माझी बारा वर्षांची मेहनत मातीत. माझी झोप उडाली.

यंत्रं उघडून बघितली, ठणठणीत होती. कुणी विष सोडतंय का? पण विषाने जीव मेले असते, तर हवा उलट शिल्लक राहिली असती. इथे ते अधाशासारखे खात होते. त्यांना मेजवानी कोण देत होतं?

मी सायकल काढली आणि गटारांची झाकणं उघडत गावभर फिरले. चौथ्या झाकणातून आंबूस वास आला. मान वर केली, तर समोरच्या दारावर काठीला पांढरं निशाण. चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, तयार झाली की घरोघर असंच निशाण लावतात. त्या गल्लीत मी अकरा मोजली. आणि हे पहिलं दार फोर्तुनाताचं, बाप्तिस्म्याला मला हातात धरणाऱ्या माझ्या मादरिनाचं.

"मादरिना, चिचा गाळल्यावर चोथा कुठे टाकता?"

"डुकरांना घालायचे. तुमच्या पालिकेनेच महिन्यापूर्वी गावातली डुकरं बंद केली ना? आता मी खाऊ का सगळा?" ती एप्रनला हात पुसत म्हणाली. "गटारात टाकते, शुक्रवारी तर सगळी गल्लीच टाकते. तिथे तुझी जनावरं आहेतच, म्हटलं खाऊ देत बिचारी."

"खातात हो. पण खाता खाता त्यांना धाप लागते, हवा पुरत नाही."

"मग जास्त हवा सोड."

"तेवढी वीज कुठून आणू?"

बोलता बोलता मीच थबकले. माझ्याकडे दुसरी टाकी आहे, झाकलेली. तिथले जीव हवेशिवाय जगतात, गाळ खाऊन गॅस सोडतात आणि त्या गॅसवर इंजिन वीज करतं. गाळ पुरत नाही म्हणून ते दिवसातून दोनच तास चालायचं.

"चोथा माझ्याकडे पाठवाल?"

"अकरा घरांचा? हातगाडी तू दे."

दुसऱ्या दिवसापासून गाडी येऊ लागली. मी चोथा झाकलेल्या टाकीत रोज थोडा थोडा घातला. एकदम घातला असता तर तीही आंबून बसली असती. चार दिवसांनी इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं, हवेच्या यंत्रांना त्याचीच वीज मिळाली.

शुक्रवारी एलेउतेरियो पाटाच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. दुपार झाली. मीटरचा काटा खाली आला नाही. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं आणि हात दारावरून काढला. मला रडूच आलं.

फोर्तुनाता चिचाचा घडा घेऊन आली होती. पहिला घोट जमिनीला देतात तसा तिने दिला आणि घडा घेऊन टाकीकडे वळली.

"यांनाही."

"थेंबभरच, मादरिना," मी म्हणाले.