डोळेवालीचं गवत

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानातलं गवत मी एकोणीस वर्षं कापतोय. ते माझं कामच आहे. आमची ही शेवटची सात वर्षं त्याच गवतात दर शुक्रवारी फुलपाखरं मोजायची आणि नोंदी ठेवणाऱ्या एका मंडळाला आकडे कळवायची. ठरलेल्या वाटेनं, एकाच चालीनं जायचं, पुढ्यात दिसतील तेवढीच मोजायची. मी मशीन पुसता पुसता विचारायचो, "काय गं, झाली का हजेरी?" ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा वेळेवर येतात."

ती जाऊन चार महिने झाले. मोजणी चालू ठेवणार का, असं मंडळाचं पत्र आलं. 'नाही' असं कळवायचं म्हणून पत्ता शोधायला मी तिची वही उघडली.

वहीत सगळ्यात जास्त लिहिलंय ते एका तपकिरी फुलपाखराबद्दल. पुढच्या पंखावर नारिंगी डाग, त्यात डोळ्यासारखा काळा ठिपका. तिनं त्याचं नाव डोळेवाली ठेवलं होतं. पक्षी चोच मारतो ती त्या खोट्या डोळ्यावर. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. ढगाळ हवेत बाकीची दडून बसतात, डोळेवाली उडते. अंडी गवतात घालते. हिरवी अळी दिवसा बुडख्याशी लपते, अंधारात वर येऊन पाती खाते. थंडीभर अशीच हळूहळू वाढते, मग कोषही गवतातच. पंख मिळाले की दोन-तीन आठवडे. संपलं.

वाचायला बरं वाटत होतं. मग आकडे पाहिले. चौतीस. सेहेचाळीस. एकावन्न. पुढच्या ओळीत: "गवत कापलं. तीन." दर वर्षी असंच, ऐन भरात.

कापणारा मी. सात वर्षांत ती मला एका शब्दानं बोलली नव्हती.

मी लेकीला फोन केला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आई मला का नाही बोलली?"

"बोलली असती तर काय केलं असतं, बाबा?"

"कापलंच असतं. साहेबांनी सांगितलेलं काम."

"आणि वर आठवडाभर तुम्हाला जेवण गेलं नसतं. तिला ते नको होतं."

कापणीला नऊ दिवस होते. मी साहेबांकडे गेलो, पहिल्यांदाच न बोलावता.

"यंदा दोन महिने थांबू या," म्हणालो. "फुलपाखरं आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं वाटतंय ना तुम्हाला? सुट्टी हवी तर घ्या."

"सुट्टी नको. गवत ठेवा."

"गवतात साप होतात म्हणून मागे तुम्हीच बोंबलत होतात."

"होतो. टाकीभोवती कापतो, येण्याजाण्याची वाट कापतो. बाकीचं राहू द्या." मी वही पुढे केली. त्यांनी तीन-चार पानं उलटली.

"वहिनींचं अक्षर?"

"हो."

"अर्धं ठेवा, अर्धं कापा. वरून कोणी विचारलं तर मशीन बिघडलंय."

कुठलं अर्धं, ते माझ्यावर आलं. शुक्रवारी तिच्या वाटेनं चाललो. माझी चाल मशीनमागची, ठोकळ्यासारखी. दोनदा मागे येऊन पुन्हा सुरुवात केली. कुंपणाकडे एकोणतीस भरली, टाकीकडे अकरा. कुंपणाकडचं ठेवायचं ठरवलं.

ठरल्या दिवशी टाकीकडचं कापलं. पातं जमेल तेवढं वर घेतलं होतं. मशीनपुढून डोळेवाल्या उठत होत्या आणि उभ्या गवतात जाऊन बसत होत्या. ज्यांना अजून पंख नव्हते, त्या तिथंच राहिल्या. इतकी वर्षं मी खाली पाहिलं नव्हतं. या वेळी पाहिलं, आणि कापत राहिलो.

दर वर्षी कापणीच्या दिवशी ती कुंपणाशी उभी असायची, शेवटच्या पट्ट्यापर्यंत. मला वाटायचं, मला बघायला येते. तेही असेल थोडं.