मागच्या रांगेनंही ओढलं!

मी जेलचा, म्हणजे जेलीसारख्या मऊ, लवचीक पदार्थाचा एक जुना तुकडा आहे. जुना म्हणजे मागच्या आठवड्यातला. हसू नका मित्रांनो, आमच्यात हे वय आजोबांचं!

प्रयोग करणाऱ्या ताईनं मला काचेच्या बशीत ओतलं, तेव्हा मी नुसतं पाणी होतो. मग थिजलो. पोटात तिनं चमकणारे बारीक मणी पेरले होते. मला कुणी ओढलं की मणी सरकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, जोर कुठे लागला.

माझ्या अंगावर तिनं त्वचेच्या पेशी पसरल्या. एका बाजूला मोकळी जागा ठेवली, जखमेसारखी. ती भरायला पेशी निघाल्या. एकमेकींना घट्ट धरून, सगळ्या एकदम!

ओढ. सोड. ओढ. अहाहा!

पहिल्या रांगेतल्या पेशींना प्रयोगशाळेत सगळे ‘पुढारी’ म्हणत. घोळ तिथेच झाला. नाव पुढारी, म्हणून दर वेळी कॅमेरा त्यांच्यावरच.

“पुढारी ओढतात, बाकीच्या फरफटत येतात,” ताईचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले. “आज वेगळं काही दिसलं नाही, तर तुझा विषय बंद.”

“सर, तुम्ही एक तरी पुढारी ओझं ओढताना पाहिलाय?” ताईनं विचारलं.

सर हसले. “जीभ बरी चालते. प्रयोगही चालू दे.”

ताईनं कॅमेरा मागे नेला. मी ओरडत होतो (तोंड नाही, तरीही): इथे! इथेही! मधल्या, मागच्या, सगळ्याच! प्रत्येक पेशी मला पकडून स्वतःला पुढे खेचत होती, शेजारणीला ताणत होती. नुसती रस्सीखेच!

मणी सरकले होते. पण किती? ते कळायला पेशी काढून, मी सैल पडल्यावरचा फोटो हवा.

ताईनं पेशी सोडवणारं औषध ओतलं. पेशी सुटल्या. मी सैलावलो. सरांनी बशीकडे हात नेला. “झालं ना? टाकून दे आता.”

“हात नका लावू!” ताई किंचाळली. “हलला तर सगळं मुसळ केरात!”

सर दोन्ही हात वर करून मागे सरले.

क्लिक.

ताईनं आधीचा आणि आताचा फोटो संगणकावर ताडून पाहिला. जिथे जोर, तिथे पडद्यावर बाण. पुढे बाण. मध्ये बाण. पार मागेही बाण!

सर खुर्ची ओढून बसले. “चित्र आणखी मागे ने. अगं, ने ना!”

मित्रांनो, मी आता कडेनं वाळू लागलोय. एकच मागणं आहे. काम संपलेल्याला लगेच उचलून टाकू नका. घटकाभर ओलं ठेवा, हलवू नका. तो सैल पडतो, तेव्हाच कळतं, त्यानं किती ताण सोसला होता.