अग्निमंदिराच्या दगडावरचं कुंकू

मळमड्डीच्या जयतीर्थमास्तरांना इतिहास मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. निवडणूक रविवारी, म्हणून शनिवारी त्यांनी इराणच्या सहलीतली छायाचित्रं दाखवायचा घाट घातला. पारशांच्या प्राचीन अग्निमंदिराचे पडके खांब, पडक्या भिंती झाल्या. शेवटच्या चित्रात अग्नी ठेवायच्या दगडावर दोन लाल बोटं उमटलेली दिसली.

“हे बघा, कुंकू!” मास्तर कडाडले. “दोन हजार वर्षांपूर्वी तिथं आपलेच लोक होते!”

टाळ्या थांबेनात. मागून कुणीतरी कानडीत ‘भेष!’ म्हणालं. विरोधी उमेदवार गणपतवकील शंका विचारायला उठले, पण बायकोनं कोट ओढला तसे मुकाट्यानं बसले.

घरी जाताना रिक्षात मास्तरांच्या पत्नी अंबूताई त्यांना म्हणाल्या, “अहो, देवाघरचा दगड रिकाम्या कपाळासारखा बघवेना. तुम्ही लेन्स पुसत होतात, तेवढ्यात मीच लावलं.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “दोन्ही बोटं तुझीच?”

“छे! दुसरं वकिलीणबाईंचं. सहलीत बरोबरच होत्या की.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

“मग वकील काही बोलायचे नाहीत,” ते म्हणाले.