एका शिंगाचा एडका

आमच्या दुकानात पोरगा खुर्चीत बसला की पहिला प्रश्न डिझाइनचा नसतो. "भरतीचं चाललंय का?" हा असतो. सातारा आहे हा. इथं दर दुसऱ्या घरातलं पोर पहाटे उठून पळत असतं. आणि फौजेचा नियम असा, की हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत टॅटू चालतो, पण दंडावर, छातीवर, मानेवर दिसला की मेडिकलमधनं थेट घरी. सुकुमारदादा सांगलीहून इथं दुकान टाकायला आले, तेव्हा सुरुवातीलाच एका पोराचं असं वाटोळं झालं. त्याची आई दुकानाच्या पायरीवर बसून रडली म्हणे. तेव्हापासून दादांनी ठरवलं, ज्याच्या हातनं भरतीचं पोर बाद झालं त्याच्या हातात या दुकानात पुन्हा मशीन येणार नाही.

मी संयोगिता, दादांची शिकाऊ. तोंडाची फटकळ. "तुझ्या जिभेपुढं माझी सुई बोथट आहे," असं दादा गिऱ्हाइकांदेखत म्हणतात. आधी नुसतं झाडणं-पुसणं, सुया मोजून टाकणं, गादीला प्लास्टिक गुंडाळणं. मग दुधी भोपळ्यांवर सुई गिरवली, केळ्यांवर गिरवली. दुसरीकडं शिकणारी पोरं डुकराच्या कातड्यावर हात बसवतात, असं मी एकदा बोलून गेले, तर दादांनी कानांवर हात ठेवले. जैन माणूस. मग माझ्यासाठी रबराचं कातडं मागवलं. घरी आई म्हणायची, "येवढं दुधी नेतीस, येखादा परत आन की, भाजी हुईल." शाईची भाजी खाणार आहेस का, म्हटलं.

आण्णा मात्र, म्हणजे माझे वडील, दुकानात कधी पाय ठेवत नव्हते. रिटायर हवालदार आप्पासो. आम्ही मूळचे कवठे महांकाळकडचे धनगर. आजोबांची मेंढरं सोडून आण्णा फौजेत गेले आणि पेन्शन घेऊन साताऱ्यात राहिले. "धनगराची पोर गोंदनारीन झाली," असं ते मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणायचे. त्यांचा सगळा जीव मल्हारवर, माझ्या धाकट्या भावावर. तो फौजेत जाणार, हे त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा सांगून झालं होतं.

दादांची रीत अशी, की शिकाऊनं पहिलं जिवंत कातडं आपल्याच जवळच्या माणसाचं आणायचं. म्हणजे हात जपून चालतो. मला कोण देणार? मैत्रिणी पळाल्या. आणि एक दिवस मल्हार स्वतःहून म्हणाला, "ताय, माजा हात घे."

मी कानच उपटणार होते. "आणि भरती रं?" म्हटलं. तर तो रडवेला होऊन म्हणाला, "मेडिकल झालं माजं. कानात नापास. आण्णांस्नी सांगू नगं, मी सांगीन सवडीनं." मैदान तर त्यानं मारलेलं, लेखी झालेली. मला एवढं वाईट वाटलं की मीच त्याच्या आधी रडले. तो खुर्चीत बसला तेव्हा रिवाज म्हणून तरी पुन्हा विचारलं, "भरतीचं चाललंय का?" म्हणाला, "न्हाई गं बाई. आता कुठली भरती!" दादा तेव्हा बाहेर फोनवर बोलत होते.

त्याला एडका पाहिजे होता. दंडावर, बाहेरच्या अंगाला, चांगला तळहाताएवढा. सुट्टी लागली की हा काकाच्या मेंढरांत जाऊन राहायचा, अंगाला वास घेऊन यायचा, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. दादांनी आत येऊन, प्रश्न मी विचारलाच असणार असं धरून, स्टेन्सिल बघून होकाराची मान हलवली. मी तोंड काढलं, कान काढला, एक शिंग काढलं. हात थरथरला नाही. मला मनातनं एवढं भारी वाटत होतं म्हणून सांगू!

दुसऱ्या शिंगाला सुई टेकवणार, तर दारात आण्णा.

हातात कंदी पेढ्यांचा बॉक्स. चेहरा दिवाळीसारखा. "हितं बसलायस व्हय रं! फोन का उचलत न्हाईस? भाईर तुजी गाडी दिसली म्हनून आलो. परवा मेडिकल हाय तुजं, मेसेज आलाय. आज लवकर जेवायचं आन झोपायचं, समजलं का?"

माझा पाय पेडलवरच होता. मशीन हवेत गुणगुणत राहिलं.

"कुठलं मेडिकल?" मी म्हटलं.

"कुठलं म्हंजे? येडी का खुळी तू? भरतीचं!"

मी मल्हारकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. झालेलंच नव्हतं मेडिकल! कान-बिन सगळं खोटं!

आण्णा दोन पावलं पुढं आले आणि मग त्यांना तो दंड दिसला. मला वाटलं आता दुकान डोक्यावर घेतील. तर त्यांनी पेढ्यांचा बॉक्स शाईच्या बाटल्यांशेजारी नीट ठेवला.

"कुनी काढलं?"

"मी."

"नियम ठावं न्हाई तुला?"

"ठावं हाय, आण्णा."

"मग इचारलं न्हाईस त्याला?"

"विचारलं की! मल्हार, सांग की रं."

मल्हारनं मान वर केली, आण्णांचे डोळे बघितले, आणि म्हणाला, "न्हाई. तायनं न्हाई इचारलं."

देवा रे! ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्यानं माझ्या तोंडावर असं म्हणावं? सुकुमारदादा काउंटरमागं उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"संयोगिता," ते म्हणाले, "मशीन खाली ठेव."

ठेवलं. आणि ठेवलेल्या हातानंच, हातमोज्यासकट, मल्हारच्या कानफडात दिली. त्याच नापास झालेल्या कानावर.

"आलं का ऐकू? मग झालास की पास! आता बोल, मुडद्या. मी विचारलं का न्हाई?"

तो लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "इचारलं. दोनदा इचारलं. म्या खोटं बोललो." आणि मग आण्णांकडं न बघता, "मला न्हाई जायाचं फौजेत. मला काकाकडं ऱ्हायाचंय, मेंढरांत. तुमास्नी न्हाई म्हनायची छाती हुईना. हे बघून डाक्टरनंच हाकललं आसतं मला, मग तुमी तायला बोलला आसता. मला न्हाई."

म्हणजे असा बेत होता तर. त्याची सुटका आणि माझं मरण. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लागलं. पण आण्णांचं तोंड बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. एवढा धक्का बसलेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. ते शेजारच्या स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

"येवढा भ्यालास मला?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, आवाज कसाबसा निघत होता. "सुया टोचून घेतल्यास. भनीला बुडवाय निघालास. पर बापाला एक शबुद बोलला न्हाईस? आरं, म्या काय वाघ हाय का रं?"



मग दादाच म्हणाले, "गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय, संयोगिता. पहिला प्रश्न कोण विचारणार? मी?"

मला कळायला वेळ लागला. मी जुने हातमोजे टाकले, नवे घातले. आण्णांच्या देखत, आपल्या सख्ख्या भावाला मी विचारलं, "भरतीचं चाललंय का?"

मल्हारनं आण्णांकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघतुस?" आण्णा म्हणाले. "तिनं इचारलंय. तिला सांग."

"न्हाई," मल्हार म्हणाला.

"मोठ्यानं."

"न्हाई चाललं, आण्णा. मी न्हाई जानार."

आण्णांनी डोळे मिटले. मग उठले. गेले आता, मी मनात म्हटलं, आणि घराचं दार आम्हा दोघांनाही बंद. पण त्यांनी खिशातनं चष्मा काढला आणि मल्हारच्या दंडावर वाकले.

"शिंग चुकलंय," ते म्हणाले.

"आँ?"

"एडक्याचं शिंग आसं वर न्हाई जात. कानामागनं खाली उतरतंय आन गालाकडं वळतंय. हिकडनं, हे आसं." त्यांचं बोट कातडीला न लागता हवेतच वळण काढत होतं. फौजेत अख्खी नोकरी केलेल्या आण्णांच्या तोंडून मेंढरांचं नावसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं. "दुसरं तरी नीट काढ."

परत जाऊन ते स्टुलावर बसले, दाराकडं तोंड करून. दादांनी दिवा माझ्या बाजूला वळवला. मी मशीन उचललं.