पिंपळपानाची कमान

आमच्या कळसच्या वस्तीत जयंतीच्या कमानीचा विषय निघाला की माणसं हसायला लागायची आणि माझं डोकं फिरायचं. कारण मागच्या वर्षीची कमान खाजाभाईंनी उभी केली होती आणि त्यांनाच काम द्या म्हणून सगळ्यांशी भांडणारी मी होते.

खाजाभाई इंदापूरचे मंडपवाले. त्यांच्या वडिलांपासून आमच्या वस्तीतलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक जयंती त्यांच्याच मांडवाखाली झाली. मांडव घालावा तर त्यांनीच. एकदा वादळात शेजारच्या वस्तीचा मांडव उडून उसात जाऊन पडला, खाजाभाईंचा जागचा हलला नाही. पण मागच्या वर्षी साहेबराव आबांच्या मनात आलं की प्रवेशद्वाराला लेण्यातल्या चैत्यासारखी कमान हवी. आबा माझे चुलते, पोस्टातून निवृत्त झालेले. तरुणपणी कार्ल्याची लेणी बघायला गेले ते मनानं अजून परत आलेले नाहीत. पिंपळाचं पान टोक वर करून धरा, त्याचा माथा जसा दिसतो तशी कमान, असं त्यांनी खाजाभाईंना सांगितलं. खाजाभाईंनी आयुष्यभर जसं केलं तसंच केलं, म्हणजे नजरेनं. डावा खांदा सुंदर आला आणि उजवा घसरला. वस्तीतल्या पोरांनी तिला 'हत्तीचा कान' म्हटलं आणि तो कान जिल्हाभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

यंदा जयंती समितीची अध्यक्ष मी. पहिल्याच बैठकीत बुद्धघोष उठला. हा आबांचा नातू, बारामतीच्या एमआयडीसीत इंजिनिअर. तिथल्या एका डेकोरेटरकडे मशीनवर कमान कापून मिळते, त्यालाच काम देऊ, असं तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. शेवटी असं ठरलं की खाजाभाईंनी रविवारी समाजमंदिराच्या अंगणात पुऱ्या मापाची कमान चुन्याच्या फक्कीनं आखून दाखवावी. जमली तर काम त्यांचं, नाहीतर बारामतीचं. आणि बारामतीवाला नुसती कमान घेत नाही, मांडवासकट सगळंच घेतो. म्हणजे कमान गेली की दोन पिढ्यांचं येणंजाणं गेलं, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं.

निरोप सांगायला मीच इंदापूरला त्यांच्या गोदामात गेले. खाजाभाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातली सुतळी गुंडाळत राहिले.

"ताई, डोळा आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय," एवढंच म्हणाले.

मांडवाखाली उभा राहून नुसत्या नजरेनं खांब सरळ करणारा हा माणूस, आणि हे त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्यांची मुलगी तमन्ना गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसली होती. बारावीचं वर्ष, आणि हातात व्हिडिओ गेम! तिच्या मामेभावाचं, अफजलचं, बारामतीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं कुणीतरी हा हातातला गेम दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही. अफजलनं तो सुरू करून बहिणीला दिला आणि देताना त्यात आलेख काढणारा कॅल्क्युलेटरही घालून दिला. पोरगी अभ्यासाच्या नावाखाली खेळणं घेऊन बसते, अशी खाजाभाईंची तक्रार होती.

तमन्नानं मला तो कॅल्क्युलेटर दाखवला. ती बटणांनी एक समीकरण लिहायची की काळ्या पडद्यावर हिरवी रेघ उमटायची. एक आकडा बदलला की टेकडीचा खड्डा व्हायचा, दुसरा बदलला की खड्डा पसरून परात व्हायची. मला गणितात कायम काठावर पास केलेलं, तरी मी बघतच राहिले.

"ताई, ह्यात कमान काढता येती," ती म्हणाली. "डाव्या अंगाला आन उजव्या अंगाला एकच गणित हाय. खांदा उतरायचा न्हाय."

खाजाभाईंची अवजारांची एक लोखंडी पेटी आहे. ओळंबा, टेप, पकडी, सगळं त्यात. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. बोलता बोलता तमन्नानं गेम त्या पेटीवर ठेवला होता. त्यांनी तो उचलून तिच्या हातात दिला.

"अवजारांच्या पेटीवर खेळणं ठिवू नगं," ते म्हणाले. पण त्यावर कमान काढायला नको असंही म्हणाले नाहीत.

रविवारी अख्खी वस्ती अंगणात. काहीजण कमान बघायला आले होते, काहीजण फजिती बघायला. आबांना खुर्ची दिली. खाजाभाईंनी जमिनीवर सुतळ्या ताणून फूट-फुटाचे चौकोन पाडले. तमन्ना पडद्यावरच्या रेघेवरून ठिपका पुढे सरकवत आकडे सांगत गेली, इतकं आडवं, इतकं उभं, आणि खाजाभाई तिथं तिथं फक्कीची खूण करत गेले. मग खुणा जोडल्या आणि आम्ही सगळे मागे सरून बघायला लागलो.

दोन्ही खांदे अगदी सारखे होते. पण कमान उंचच उंच, अरुंद, वाळलेल्या शेंगेसारखी दिसत होती.

"यंदा कान न्हाय, यंदा सोंड काढली," मागून कुणीतरी म्हणालं आणि अंगण हसलं. मी मागे वळून असं बघितलं की हसू निम्मं झालं. पण निम्मं राहिलंच.

खाजाभाई खाली बसून सुतळी सोडवायला लागले. बुद्धघोषला म्हणाले, "लाव बाबा बारामतीला फोन."

तमन्नाचे कान लाल झाले होते. पडद्यावर पान छान गुबगुबीत दिसत होतं आणि जमिनीवर त्याची शेंग झाली होती, आकडे तर तेच. ती लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. मला वाटलं रडते की काय, म्हणून मी तिच्यामागे गेले. ती रडत नव्हती, बटणं दाबत होती.

"ताई, मी गोल काढायला सांगितला," ती म्हणाली आणि गेम माझ्यापुढे धरला. "ह्यो बघा."

पडद्यावर गोल नव्हताच. दोन्हीकडून ओढलेल्या भाकरीसारखं काहीतरी आडवं पसरलं होतं.

ती उठली आणि सरळ खाजाभाईंपुढे जाऊन उभी राहिली. "अब्बा, सुतळी सोडू नगा. गणित बराबर हाय, पडदा खोटं दावतोय. पडदा हाय आडवा. त्यात आडवी वीस घरं आन उभी बी वीसच घरं कोंबल्यात. म्हणून चौकोनाची वीट झाली. तुमचा चौकोन चौकोनच हाय."

खाजाभाईंना कळलं की नाही कोण जाणे. बुद्धघोषला कळलं. तो पुढे आला, गेम हातात घेऊन बघितला, आणि मला वाटलं आता हा इंग्रजीत काहीतरी झाडणार. पण तो तिच्याशेजारी मातीत उकिडवा बसला. पडद्यावर आडवी घरं वाढवली की ती पुन्हा चौकोनी होतील, गोल गोल दिसेपर्यंत वाढव, असं तो म्हणाला. तमन्नानं घरं वाढवली, भाकरी गोल झाली. मग तिनं कमान परत काढली. आता पडद्यावरही जमिनीवरचीच शेंग दिसली, म्हणजे पडदा खरं बोलायला लागला, आणि ती शेंग बघून दोघं वेड्यासारखी खूश झाली. त्यानंतर एकेक आकडा बदलत तिनं शेंगेचं पान केलं.

राहिला प्रश्न खाजाभाईंचा. सगळ्यांसमोर एकदा हसं झालं होतं, पुन्हा करून घ्यायचं का? त्यांनी पोरीकडे बघितलं. मग गुंडाळलेली सुतळी पुन्हा ताणायला घेतली. दुसरं टोक धरायला कुणी सांगितलं नव्हतं, ते बुद्धघोषनं धरलं.

या वेळी आकडे सांगताना तमन्नाचा आवाज बारीक झाला होता. कुणी हसत नव्हतं. शेवटची खूण जोडून झाली आणि आबा खुर्चीवरून उठले. फक्कीवर पाय पडू न देता कडेकडेनं चालत ते एका खांद्यावरून टोकापर्यंत गेले, दुसऱ्या खांद्यानं खाली आले आणि आखलेल्या दोन खांबांच्या तोंडाशी येऊन थांबले.

"खाजा, आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या की आबा," खाजाभाई म्हणाले. माझे डोळे भरले, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

जयंतीला ती कमान निळ्या कापडात उभी राहिली. खाली सरळ खांब, वर पिंपळपानाचा माथा. बारामतीचे पाहुणे तिच्याखाली उभे राहून फोटो काढत होते, आणि कमान कुणाची म्हणून विचारलं की बुद्धघोषच पुढं होऊन खाजाभाईंचा नंबर देत होता. मी त्याला एका शब्दानंही टोमणा मारला नाही. मला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव उतरवायचं काम चाललं होतं. मी हिशोबासाठी खुर्च्या मोजून घ्यायला गेले, तर तमन्ना सतरंज्यांच्या ढिगावर बसून गेम खेळत होती. खराखुरा गेम, त्यातली गाडी उड्या मारत पळत होती. खाजाभाईंनी शिडीवरून ते बघितलं आणि तिथूनच तिच्यावर डाफरले.

"अवजाराशी खेळत्यात व्हय गं? ठिव ते पेटीत."

तमन्नानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग तिनं गाडी थांबवली, गेम ओढणीनं नीट पुसला आणि लोखंडी पेटी उघडून ओळंब्याशेजारी ठेवला.