लालभडक मिरची आणि सन सातशे त्र्याण्णव

नवीन पनवेलच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर ‘पूर्वजन्मदर्शी’ सत्यजीत महाराज बसले होते आणि खाली बसलेलं निम्मं पनवेल मागच्या जन्मी युरोपात होतं. तेही एकाच साली, इसवी सन ७९३! एवढंच साल महाराजांनी पाठ केलं असावं.

“बळीराम, तू शार्लमेन राजाचा कालवा खणत होतास,” महाराज माइकमध्ये म्हणाले. “पावसानं माती ढासळली, कालवा बुजला. म्हणून आज तुझ्या साइटवरच्या खड्ड्यात पाणी भरतं!”

बळीरामशेठ हरखले. पंपाची दुरुस्ती राहिली बाजूला, राजाची चाकरी केली म्हणून छाती फुगली.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या बायकोला, सत्यवतीबाईंना, महाराजांनी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, “तू इंग्लंडातल्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठात होतीस. समुद्री लुटारूंनी मठ जाळला. त्यातलाच एक आज तुझा जावई व्हायला निघालाय.” झालं! लेक अंकिताची हळद तोंडावर आलेली आणि बाई म्हणाल्या, “नाय करायचं लगीन.” पोरीनं रडून डोळे सुजवून घेतले. नवरामुलगा इंद्रजीत मालवाहू बोटीवर नोकरीला, एवढाच त्याचा गुन्हा.

अंकिता माझी विद्यार्थिनी. “कुमुदबाई, तुम्हीच काहीतरी करा,” म्हणाली. मी इतिहासाची मास्तरीण, असल्या थापांनी माझं डोकंच फिरतं. म्हणून त्या दिवशी मीही सोबत गेले.

बळीरामशेठनंतर सत्यवतीबाई स्टेजवरच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. महाराज मधाळ आवाजात म्हणाले, “बेट दिसतंय? मठ दिसतोय?”

“दिसतंय.”

“तिथं काय करतेस?”

“सुकट भाजतेय. तांबड्या मिरच्या टाकल्यात. लय खाट उठलाय, ठसका लागतोय.”

“अगदी बरोबर! मला समोर दिसतंय. लालभडक मिरची!”

मी उठलेच. “महाराज, नक्की मिरचीच ना?”

“शंका घेऊ नये, माते.”

“मग ती आली कुठून? मिरची मूळची अमेरिकेतली. पुढे सातशे वर्षं ती युरोपला माहीत नव्हती, आणि पनवेललाही नव्हती!”

महाराजांनी घाम पुसला. “ती... दैवी मिरची होती.”

हॉल खो खो हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “महाराज, दैवी सुकट कितीला?”

मी सत्यवतीबाईंना विचारलं, “जावई बोटीवर असतो, हे इथं कुणाला सांगितलं होतं?”

“कोणाला नाय. रांगेत चा देणारी ती भामा, तिलाच. लय गोड बोलते.”

“अरे!” बळीरामशेठ ताडकन उठले. “साइटवर पाणी भरतंय, ते मीपण तिलाच सांगितलेला!”

भामा किटली टाकून मागच्या दाराकडे पळाली. महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

“पण मला बेट खरंच दिसला, बाई,” सत्यवतीबाई कळवळून म्हणाल्या.

“दिसणारच. डोळे मिटल्यावर कुणी हळूहळू सांगत गेलं की मन चित्र काढतं. त्यात रंग मात्र आपल्याच घरातले भरतं. म्हणून मठात तुमची सुकट शिजली. ७९३ साली तो मठ खरंच लुटला गेला, कालवाही खरंच बुजला. पुस्तकात आहे ते सगळं, कुणीही वाचावं. तुमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.”

बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “खरं सांगू? मला दर्याची भीती वाटते. पोरगा महिनोन्‌महिने बोटीवर. काय झालं तर माझ्या पोरीचं?”

ही भीती खरी होती, आणि महाराजांनी तिच्यावरच दुकान मांडलं होतं. मंडळी, भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज कसली? पण उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. मेलेल्या सालातून ते आणून देणाऱ्याला नको.

अंकितानं फोन लावून आईच्या हातात दिला. बाईंनी घसा खाकरला.

“इंद्रजीत, मी अंकिताची आई बोलतेय. बोटीवर वादळ आलं, तर तुमी काय करता? सगळं सांगा. मी ऐकतेय.”